अध्यक्षांसाठीची यादी साध्या सभासदाने कशी वाचावी?

तुमचा प्रश्न तीन पदरी आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही मंडळीत कुठल्याच पदावर नाही. ऑफिसातल्या लोकांबरोबर कधीमधी ‘बसता’. त्यावरून घरात बोलणं निघालं, कोणीतरी १ तीमथ्य ३ (प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, मंडळीचा पुढारी कसा असावा याची यादी) वाचून दाखवलं आणि एका नातेवाइकांनी ते जागच्या जागी निकालात काढलं: “ते अध्यक्षांना आणि सेवकांना लिहिलंय, आपल्याला कुठे लागू?” (अध्यक्ष म्हणजे मंडळीची देखरेख करणारे, सेवक म्हणजे त्यांचे नेमलेले मदतनीस.) दुसरं, तुमचे बाबा मंडळीत ‘वडील’ (मंडळीचे पुढारी) म्हणून निवडलेले आहेत आणि नोकरीनिमित्त वेगळा राहणारा तुमचा धाकटा भाऊ उपासनेला येईनासा झाला आहे. त्याच अध्यायातली घर सांभाळण्याची अट दाखवून बाबांनी पद सोडावं, अशी कुजबुज चालू आहे. तिसरं, पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) येत्या निवडणुकीत खजिनदार होऊ पाहणाऱ्या एका गृहस्थांच्या व्यवहाराबद्दल तुम्हाला शंका आहे, पण साध्या सभासदाने तोंड उघडावं का, हे कळत नाही.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. वचनात दोन मापं आहेत, पुढाऱ्यांचं मोठं आणि बाकीच्यांचं लहान, अशी ती समजूत. मंडळ्यांमध्ये वडिलांचे आणि सेवकांचे वर्ग घेताना मला ती सगळीकडे भेटते, आणि गंमत म्हणजे पाळकांनाही ती सोयीची वाटते. माझं म्हणणं असं की चारित्र्याचं माप सगळ्यांना एकच आहे. पदाबरोबर वाढतो तो जाब.

हा प्रश्न पेत्राने थेट प्रभूलाच विचारला होता. लूकच्या बाराव्या अध्यायात कंबर बांधून, दिवे लावून धन्याची वाट पाहणाऱ्या दासांचा दाखला आहे. तो ऐकून पेत्र म्हणतो, प्रभू, हा दाखला आम्हाला सांगतोस की सगळ्यांनाच? (लूक १२:४१). येशू हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. तो एका कारभाऱ्याची गोष्ट सांगतो. बाकीच्या दासांना वेळेवर शिधा द्यायला धन्याने त्याला नेमलं आहे. धनी लवकर येत नाही असं पाहून हा गडी दासदासींना मारायला लागतो, खातो, पितो, झिंगतो. आता पाहा, कारभारी स्वतः दासच आहे. दासांमधूनच तो नेमलेला आहे. त्याने केलेली मारहाण आणि त्याचं झिंगणं इतर दासांना माफ होतं, असं गोष्टीत कुठेही नाही. फरक पडतो तो शेवटी, हिशोबाच्या वेळी: धन्याची इच्छा ठाऊक असूनही जो तसा वागला नाही त्याला पुष्कळ फटके, ज्याला ती ठाऊक नव्हती त्याला थोडे. ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल. थोडे का होईनात, फटके दोघांनाही आहेत.

प्रेषितांना एकांतात सांगितलेलं आपल्यापर्यंत कसं पोहोचतं, तेही शुभवर्तमानांतच आहे. जैतुनांच्या डोंगरावर येशूसमोर पेत्र, याकोब, योहान आणि अंद्रिया एवढे चौघेच बसले होते (मार्क १३:३). त्या भाषणाचा शेवट असा की, तुम्हाला जे सांगतो ते मी सगळ्यांनाच सांगतो, जागे राहा. मत्तयाच्या अखेरीस अकरा जणांना आज्ञा होते ती अशी, की मी तुम्हाला जे जे आज्ञापिलं ते सगळं नव्या शिष्यांना पाळायला शिकवा. अकरांना सांगितलेलं अकरांपाशीच राहणार असतं, तर या वाक्याला अर्थच उरला नसता.

आता १ तीमथ्य ३ उघडा आणि पदाचं नाव बोटाने झाकून यादी वाचा. नेमस्त, स्वस्थचित्त, सभ्य, पाहुण्यांचं आदरातिथ्य करणारा. दारूच्या आहारी न गेलेला, हात न उगारणारा, सौम्य, भांडकुदळ नसलेला, पैशाला न हपापलेला. घर नीट सांभाळणारा. बाहेरच्या लोकांत चांगलं नाव असलेला. यात पदवी नाही, चमत्कार नाहीत, मंडळीची संख्या किती वाढवली याचा आकडा नाही. शिकवण्याची हातोटी एवढी एकच गोष्ट कौशल्यात मोडणारी आहे. बाकी सगळं शेजारी, घरमालक आणि कोपऱ्यावरचा किराणावालासुद्धा सांगू शकेल असं आहे.

आणि या यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्यातरी पत्रात सरसकट सगळ्यांना सांगितलेली सापडते. आदरातिथ्य रोमकरांस १२:१३ मध्ये आहे, इब्री १३:२ मध्ये आहे, आणि १ पेत्र ४:९ मध्ये तर ‘कुरकुर न करता’ अशी पुस्ती जोडून आहे. (पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात जे बोलणं होतं ते पेत्राने ऐकलेलं असणार.) पैशाचा लोभ नको हे इब्री १३:५ सगळ्यांना सांगतं. भांडू नका, सगळ्यांशी सौम्यतेने वागा हे तीत ३:२ मध्ये पूर्ण मंडळीला आठवण करून द्यायला सांगितलं आहे. इंद्रियदमन आणि सौम्यता गलतीकरांच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळात मोजलेली आहेत. बाहेरच्या लोकांशी नीट वागण्याबद्दल १ थेस्सलनीका ४:१२ आणि कलस्सै ४:५ वाचा. तुमचे नातेवाईक ‘अदूष्य’ (ज्याला दोष लावता येणार नाही असा) या अटीकडे बोट दाखवून म्हणतील की एवढं निर्मळ पाळकानेच राहावं. फिलिप्पै २:१५ मध्ये मंडळीतल्या सगळ्यांना निर्दोष, निष्कलंक व्हायला सांगितलं आहे. त्या पत्राचा मायनाही पाहा: ते फिलिप्पै इथल्या सर्व पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, लिहिलं आहे, अध्यक्ष आणि सेवक यांच्यासह. आधी सर्व, मग पदाधिकारी.

मग तेच गुण यादी करून पुन्हा का सांगितले? कारण निवड करायची होती. सेवकांची आधी पारख व्हावी, मग त्यांनी सेवा करावी, असं पौल म्हणतो (३:१०). हे वाक्य शांतपणे वाचलं की निम्मा प्रश्न सुटतो. पारख होत असते तेव्हा तो माणूस कोण असतो? साधा सभासद. त्याच्याकडे पद नाही, अधिकार नाही, व्यासपीठावर खुर्ची नाही. तो पाहुणचार करतो का, उधारी फेडतो का, बायकोवर ओरडतो का, हे सगळं तो कोणी नसतानाच पाहायचं आहे. म्हणजे यादीत वर्णन आहे ते बिनपदाच्या, जाणत्या ख्रिस्ती माणसाचं. शेतकरी बियाण्यासाठी कणसं राखतो ती उभ्या पिकातलीच असतात, त्यांच्यासाठी वेगळं शेत नसतं. पीकच पोचट असेल तर बियाणं कुठून आणणार? चांगले पुढारी मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मंडळ्यांना मी हेच विचारतो.

क्रेत बेटाचं उदाहरण घ्या. पौलाचा सहकारी तीत याला तिथल्या नगरोनगरी वडील नेमायचे होते (तीत १:५). लोक कसे, तर त्यांच्याच एका संदेष्ट्याने त्यांना लबाड, दुष्ट पशू, आळशी आणि खादाड म्हटलेलं पौल पुढे सांगतो, आणि वर ‘ही साक्ष खरी आहे’ असंही म्हणतो. मंडळ्या कोवळ्या होत्या. तीमथ्य इफिसात होता, आणि त्याला दिलेल्या यादीत ‘नवशिका नसावा’ अशी अट आहे (१ तीमथ्य ३:६). तीताच्या यादीत ती नाहीच. इफिसात पौलाने स्वतः तीन वर्षं घालवली होती, तिथे मुरलेली माणसं मिळण्यासारखी होती. क्रेतात बहुधा सगळेच नवे होते. अनुभवाची अट अशी परिस्थितीप्रमाणे सोडता आली, पण चारित्र्याची एकही अट सैल केलेली नाही. आणि पुढच्याच अध्यायात तेच गुण घराघरांत वाटून दिलेले आहेत. वृद्ध पुरुष नेमस्त आणि गंभीर असावेत, वृद्ध स्त्रिया चहाडखोर आणि मद्याच्या गुलाम नसाव्यात, तरुण स्त्रिया आणि तरुण पुरुष मर्यादेने राहावेत, दासांनी धन्याच्या मालाला हात लावू नये. दास म्हणजे त्या समाजातली सगळ्यात खालची पायरी. तिथपर्यंत यादी उतरली आहे.

जुन्या करारात मात्र खरोखरीच वेगळे नियम होते. लेवीय २१ वाचा. याजकाने, म्हणजे वेदीवर अर्पणं वाहणाऱ्या पुरोहिताने, जवळच्या नातेवाइकाखेरीज कोणाच्या प्रेताजवळ जायचं नाही, टाकलेल्या स्त्रीशी लग्न करायचं नाही. मुख्य याजकाला तर आईबापांच्या प्रेतापाशीही मनाई. अंगात व्यंग असलेल्या वंशजाला वेदीजवळ जाता येत नसे. दर्शनमंडपात (उपासनेच्या तंबूत) जाताना द्राक्षारस वर्ज्य (लेवीय १०:९). हे सामान्य इस्राएली माणसाला लागू नव्हतं. नव्या करारातल्या अध्यक्षाच्या यादीत यातलं काहीही आलेलं नाही. उलट पेत्राने अख्ख्या मंडळीलाच याजकगण म्हटलं आहे (१ पेत्र २:९), आणि ते शब्दही त्याने सीनाय पर्वतापाशी पूर्ण राष्ट्राला दिलेल्या वचनातून घेतले आहेत (निर्गम १९:६). जाता जाता एक सांगतो: जुन्या करारातही नाजीराचा नवस होता (गणना ६). कोणीही पुरुष किंवा स्त्री तो घेऊन काही काळ द्राक्षारस सोडत असे, प्रेतापासून दूर राहत असे. याजकाच्या घराण्यात न जन्मलेल्यालाही आपणहून तसं राहण्याची वाट तेव्हाही मोकळी होती.

तरी दोन मापांची कल्पना मंडळीत पुन्हा पुन्हा उगवत आली. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम या नामांकित उपदेशकाला बजावून सांगावं लागलं, की ख्रिस्ताच्या आज्ञा मठातल्या माणसाला आणि संसारी माणसाला सारख्याच आहेत. १५२० मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाचा मुद्दा मांडला. कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पावित्र्याचं पाचारण सर्वांना आहे असं स्वतंत्र प्रकरण करून सांगितलं. म्हणजे वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक असो की अहिल्यानगरचा (पूर्वीच्या अहमदनगरचा) प्रॉटेस्टंट, ‘आम्ही साधी माणसं’ हा आडोसा दोघांनाही उरलेला नाही. आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या समजुतीला मिशनच्या काळाचंही अस्तर आहे. पाळक, शाळामास्तर, घरोघरी जाऊन बायबल सांगणारी बायबलबाई मिशनच्या पगारावर असत, आणि चांगलं वागण्याची अपेक्षा जणू त्या पगारातच धरलेली असे. पगार गेले, अपेक्षेची ती वाटणी राहिली. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसमाज उभा करायला घेतला, त्यामागे या नोकरदार ख्रिस्तीपणाचा कंटाळा होता असं मला वाटतं.

या विषयावर मला सगळ्यात बोलका वाटणारा उतारा मात्र पाचव्या अध्यायात आहे, आणि तो वर्गात क्वचितच उघडला जातो. मंडळीच्या पटावर कोणत्या विधवेचं नाव घालावं याच्या अटी १ तीमथ्य ५:९-१० मध्ये आहेत. वय साठच्या आत नसावं. ती एकाच पतीची पत्नी राहिलेली असावी. तिने मुलं वाढवलेली असावीत, परक्यांना घरात घेतलेलं असावं, पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, संकटात सापडलेल्यांना हात दिलेला असावा. हे तिसऱ्या अध्यायाशेजारी ठेवा. दांपत्यातली निष्ठा, मुलांची वाढ, पाहुणचार, चांगलं नाव: अध्यक्षाच्या यादीचा सांगाडाच इथे एका म्हाताऱ्या बाईच्या आयुष्यात उभा आहे, आणि तिच्या हाती ना अधिकारदंड ना व्यासपीठ.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८२ मध्ये पती वारले तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण दीक्षित पाळक कधीच नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद पुरा केला. परक्यांना घरात घेणं, संकटात सापडलेल्यांना हात देणं, शिकवणं. साठ वर्षांची अट पुरी व्हायच्या कितीतरी आधी बाकीच्या अटी त्यांनी पुऱ्या केल्या होत्या. पद मिळालं तरच असं जगता येतं, असं म्हणणाऱ्याला मी केडगावचा रस्ता दाखवतो.

स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी की नाही यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया देते, इतर कित्येक देत नाहीत. तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही, म्हणून तो वाद बाजूला ठेवतो.

मग पुढाऱ्यांचं असं काहीच वेगळं नाही का? आहे. नवशिक्याला पद देऊ नये, ही अट पदापुरतीच आहे. नवा विश्वासणारा म्हणून तुमच्यात काही कमी ठरत नाही. देखरेखीचा अधिकार आणि तुमच्या जिवांचा हिशोब देण्याचं ओझं त्यांच्यावर आहे (इब्री १३:१७). वचन शिकवण्यात श्रम करणाऱ्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था मंडळीने करावी, हे त्यांच्याबद्दल आहे (१ तीमथ्य ५:१७-१८). आणि पाप करत राहणाऱ्या वडिलाची कानउघाडणी सगळ्यांसमोर करायची आहे (५:२०); तुमची-माझी चूक सहसा चार भिंतींत मिटू शकते.

शिकवण्याबाबत थोडं थांबावं लागेल, कारण तिथे दोन्ही बाजूंनी घसरायला होतं. याकोब ३:१ बजावतो की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल. इब्री ५:१२ मात्र वाचकांना रागावतं की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं आणि अजून दूधच पिताय. कलस्सै ३:१६ सगळ्यांना एकमेकांना शिकवायला सांगतं. माझ्या मते मेळ असा बसतो: मंडळीचं अधिकृत शिक्षण हे काही जणांचं काम आहे, पण विश्वास समजावून सांगता येणं हे सगळ्यांचं. तंबू शिवून पोट भरणाऱ्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी अपुल्लोसारख्या वक्त्याला जवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). मुलाने ‘येशू मेला कशाला?’ विचारलं तर ‘पाळकसाहेबांना विचार’ हे उत्तर चालणार नाही.

आता तुमचं ‘बसणं’. मद्यपी नसावा, हे अध्यक्षाला सांगितलं. पुष्कळ दारू पिणारे नसावेत, हे सेवकांना. मद्याच्या गुलाम नसाव्यात, हे तीत २:३ मध्ये वृद्ध स्त्रियांना. मद्याने मस्त होऊ नका, हे इफिसकरांस ५:१८ मध्ये सगळ्यांना. चारही ठिकाणी एकच गोष्ट आहे, तेव्हा तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं इथे सपशेल पडतं. पाळकांना जे पाप आहे ते तुम्हाला सूट नाही. पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. १ तीमथ्य या त्याच पत्रात तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे (५:२३), म्हणजे थेंबही वर्ज्य असा नियम या यादीतून काढता येत नाही, ना पाळकासाठी ना तुमच्यासाठी. आपल्या बऱ्याच मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पूर्ण वर्ज्य करण्याची रीत आहे, गोव्या-वसईच्या कॅथलिक घरांत ती तशी नाही. रोमकरांस १४:२१ मधला विचार मला इथे निर्णायक वाटतो: ज्याने भाऊ अडखळतो ते न करणं बरं. दारूने घरं बसलेली ज्याने पाहिली आहेत तो मंडळीतला तरुण तुम्हाला ग्लास हातात घेतलेलं पाहील, तेव्हा त्याला तुमचं प्रमाण कळणार नाही, फक्त परवानगी दिसेल. मी तुमच्या जागी असतो तर सोडली असती. हा माझा सल्ला आहे. त्याला आज्ञा म्हणण्याचा अधिकार मला नाही. बायकोला आठवड्यातून किती वेळा हे खटकतं, ते मात्र तिलाच विचारा, आणि उत्तर देताना तिला अडवू नका.

बाबांचा प्रश्न जास्त नाजूक आहे, आणि इथे यादीचा गैरवापर होताना मी पुष्कळ पाहिला आहे. अट आहे ती घर नीट चालवण्याची आणि मुलं ताब्यात असण्याची (१ तीमथ्य ३:४-५). कारणही तिथेच दिलं आहे: ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेईल? पारख आहे ती बापाच्या काळजीची. कर्ता झालेला, स्वतःच्या कमाईवर वेगळा राहणारा मुलगा उपासनेला येतो की नाही, याची ती हजेरी नव्हे. तीत १:६ मध्ये विश्वास ठेवणारी मुलं असावीत असं आहे, आणि काही मंडळ्या ते मोठ्या मुलांनाही लावतात. मला ते पटत नाही. त्याच वचनात पुढे बेतालपणाचा आणि बंडखोरपणाचा आरोप नसावा असं आहे, ते घरातल्या शिस्तीबद्दलचं बोलणं आहे.

१ शमुवेलात दोन बाप आहेत. याजक एलीची मुलं अर्पणाचं मांस बळजबरीने काढून घेत, मंडपाच्या दारातल्या स्त्रियांशी कुकर्म करत. एलीला दोष लागला तो याबद्दल की ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरलं नाही (३:१३). पुढे लोकांचा न्याय करणारा संदेष्टा शमुवेल म्हातारा झाला तेव्हा त्याचीही मुलं लाच घेऊन न्याय फिरवू लागली (८:३). त्यामुळे इस्राएलाने राजा मागितला, इतकं ते प्रकरण मोठं झालं. पण एलीवर आला तसा ठपका शमुवेलावर कुठेच आलेला नाही, आणि बाराव्या अध्यायात सगळ्या लोकांसमोर उभा राहून तो विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाला लुबाडलं, सांगा. कोणी काही सांगू शकलं नाही. मुलं वाकडी गेली म्हणजे बाप एलीच असतो, असं नाही. तुमच्या बाबांनी भावाला लहानपणी कसं वाढवलं, आज त्याच्याशी कसं बोलतात, दार उघडं आहे का, एवढंच कमिटीने पाहावं. तेवढ्यावर त्यांनी पद सोडू नये असं माझं मत आहे.

आणि हा नियम तुम्हालाही लागतो, हे विसरू नका. मुलांना न चिडवता प्रभूच्या शिस्तीत वाढवा हे इफिसकरांस ६:४ मध्ये प्रत्येक बापाला सांगितलं आहे. घरी बसताना आणि वाटेने चालताना वचन मुलांना सांगा हे अनुवाद ६ मध्ये प्रत्येक इस्राएली घराला. तुमच्या घरी गृहभक्ती होते का? नसेल तर आज रात्री पाच मिनिटं पुरतात, एक स्तोत्र आणि एक प्रार्थना. ज्यांना मुलं नाहीत किंवा ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांनी या वचनांनी खचू नये. पौल स्वतः एकटा होता (१ करिंथ ७:७-८).

खजिनदारांकडे येऊ. पैशाचं काम हे ‘आध्यात्मिक’ नाही, तिथे हिशोब येणारा माणूस असला की पुरे, असं समजणारे पुष्कळ आहेत. यरुशलेमेत रोजच्या वाटपासाठी सात माणसं निवडली, काम अन्न वाटण्याचं होतं, आणि अट होती चांगलं नाव असलेले, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे असण्याची (प्रेषितांची कृत्ये ६:३). निवडायला सांगितलं ते साध्या शिष्यांच्या समुदायाला. म्हणजे ‘मी कोण बोलणार’ याचं उत्तर तिथेच आहे. पारख करणं हे सभासदाचं काम आहे. यरुशलेमेसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना खुद्द पौलानेही सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). येशूच्या बारा जणांची थैली कोणाकडे होती, तेही योहान १२:६ मध्ये लिहिलेलं आहे: यहूदा इस्कर्योताकडे, आणि तो चोर होता. तुमची मंडळी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिचे हिशोब तपासून घेणं हे कायद्यानेही बंधनकारक आहे. तेव्हा वार्षिक सभेत हिशोब मागणं म्हणजे बंडखोरी नव्हे.

पण शंका आणि माहिती यांत फरक करा. दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय वडिलाविरुद्ध आरोप घेऊ नये (१ तीमथ्य ५:१९), असं सांगितलं की पुष्कळांना ते पुढाऱ्यांसाठीचं कवच वाटतं. ते तसं नाही. हा नियम अनुवाद १९:१५ मधला आहे, कोणत्याही माणसासाठीचा, आणि येशूने तो मत्तय १८:१६ मध्ये कोणत्याही भावाच्या बाबतीत सांगितला. सगळ्यांना असलेलं संरक्षण पुढाऱ्यालाही आहे, एवढंच. एक अपवाद मात्र ठामपणे सांगतो: मामला लहान मुलावरच्या किंवा स्त्रीवरच्या अत्याचाराचा असेल तर मत्तय १८ मधला, आधी एकट्याने भेटून समजावण्याचा क्रम लावत बसू नका. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, आणि मंडळीची अब्रू हे न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही.

तुमच्या बाबतीत प्रश्न पैशाचा आहे, म्हणून मत्तय १८ मधल्या क्रमानेच जा. उमेदवारांची नावं जाहीर व्हायच्या आत त्या गृहस्थांना भेटा, नंतर भेटलात तर ते निवडणुकीचं राजकारण ठरेल. एकटे जा. काय ऐकलं, कोणत्या रकमेबद्दल, हे तोंडावर विचारा आणि कागद पाहायला मागा. उडवाउडवी झाली तर दुसऱ्या वेळी एक-दोन समजूतदार माणसांना बरोबर न्या, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर कमिटीपुढे लेखी द्या, खाली स्वतःचं नाव घालून. आणि हिशोब दाखवला आणि तो पटला, तर ज्या ज्या घरी तुम्ही ही शंका आधी बोलून दाखवली असेल त्या त्या घरी जाऊन तसं सांगून या.